हद्दीबाहेरचा कोरा चहा

तीर्थरूप उदयसिंह दाजी यांच्या पायाशी धाकटा मेहुणा आकाराम याचा, जकात नाक्यापासूनच वाकत वाकत आलेला नमस्कार.

गुडघा कसा आहे? आक्काची साखर खाली आली का? तुमच्या अपार्टमेंटची लिफ्ट सुरू झाली असेल तर तुमच्या गुडघ्याला बरं, आणि अजून बंदच असेल तर आक्काच्या साखरेला बरं, तेव्हा दोन्हीकडून समाधानच मानायचं. इकडं आम्ही सर्व खुशाल आहोत. (हे पत्राच्या रीतीप्रमाणं लिहिलं आहे. खरं काय ते पुढं येईलच.)

तुम्ही म्हणाल, घर नऊ किलोमीटरवर, दोघांच्याही खिशात मोबाईल, आणि हा शहाणा पत्र कसलं लिहीत बसलाय! त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, फोन केला की आक्का तो स्पीकरवर टाकते आणि तुमच्या मजल्यावरची चारही घरं आमची खुशाली ऐकतात. दुसरं असं की, गेल्या महिन्यात पेपरात आपल्या दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापून आले, तुमच्या फोटोखाली ‘हद्दवाढ समर्थक कृती समितीचे उपाध्यक्ष’ आणि माझ्या फोटोखाली ‘हद्दवाढ विरोधी कृती समितीचे अध्यक्ष’, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. माझं काही म्हणणं नाही. फोटोत तुम्ही छान दिसता आणि माझे डोळे मिटलेले आहेत, त्यामुळं रुसायचंच झालं तर मी रुसायला हवं होतं. पण माझी बहीण तुमच्या घरात आहे आणि माझं काम तुमच्याकडं आहे, म्हणून लिहितो.

गावाचं म्हणाल तर ते आता गाव राहिलेलं नाही आणि शहर अजून होऊ दिलेलं नाही. गडमुडशिंगीच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून आत वळलं की पहिली पाच मिनिटं शहरच वाटतं. तीन मजली इमारती, दोन जिम, एक ब्युटी पार्लर, इंग्रजी शाळेची पिवळी बस. मग दोन इमारतींच्या मध्येच उसाचा एक तुकडा उभा असतो आणि त्याच्या बांधावर ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी. हद्दवाढ होणार अशी नुसती बातमी आली तरी त्या पाटीवरचा मोबाईल नंबर नव्यानं रंगवला जातो, आणि होणार नाही अशी आली की पाटीवर घेवड्याचा वेल चढतो. आम्हाला शहराची बस पाहिजे, शहराचं पाणी पाहिजे, दवाखाना आणि कॉलेज तर पाहिजेच. फक्त शहराचा घरफाळा नको आणि शेतावर बागेचं आरक्षण पडायला नको. तुमच्या लोकांना आमचा मोकळा माळ पाहिजे, आमची माणसं मोजून वरून येणारा निधी पाहिजे. फक्त आमच्या गटारी नकोत. म्हणजे मागणी दोघांचीही अगदी वाजवी आहे. त्यातून गाव शहरात गेलं तर सरपंच जाणार, उपसरपंच जाणार, सतरा सदस्य जाणार आणि त्या सगळ्यांच्या बदल्यात वाट्याला येणार एका नगरसेवकाचा तुकडा. गावात सध्या आजी, माजी आणि भावी धरून साठ-सत्तर पदाधिकारी आहेत. त्यांच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर नावाखाली काय छापायचं, हा प्रश्न तुमच्या समितीनं कधी मनावर घेतलेला दिसत नाही.

नेतेमंडळी मात्र फार समंजस आहेत. शहरातल्या मेळाव्यात हद्दवाढ झालीच पाहिजे म्हणतात, तिथून गाडीत बसून आमच्याकडं येतात आणि तुमच्या मर्जीविरुद्ध इंचभरही जागा जाऊ देणार नाही म्हणतात. गळ्यातला हारसुद्धा बदलत नाहीत. मी एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, स्टँडवर माइकसमोर बसून न सुटणाऱ्या गाड्यांची कारणं सांगण्यात हयात गेली, तरी एवढ्या सफाईनं मला कधी बोलता आलं नाही. (मला समितीचा अध्यक्ष केलं ते या आवाजामुळंच. विचार कुणी विचारले नव्हते.)

आता मूळ विषय. आमचा अमरसिंह तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच मांडीवर त्याचं नाव ठेवलं. पोरगा इंजिनिअर आहे, एमआयडीसीत फौंड्रीमध्ये माल तपासायच्या खात्यात आहे, अडीच एकर ऊस आहे, चार म्हशी आहेत, दारू नाही, तंबाखूचा मावा नाही, आणि येत्या चैत्रात त्याला तेहतिसावं लागतं. चौदा ठिकाणांहून नकार आला. चौदाही ठिकाणी कारण एकच, शब्द वेगवेगळे. मुलीकडच्यांना हल्ली शेती पाहिजे असते, पण शेतात जाणारा नको असतो. गावाकडं जमीन पाहिजे, पण घर शहरात पाहिजे. दूध घरचं पाहिजे, पण म्हैस घरची नको. एका पावण्यानं तर सातबाऱ्याचा उतारा आणि फ्लॅटचा करारनामा दोन्ही एकाच पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. आमच्याकडं पिशवी तेवढी होती.

तेव्हा पंधराव्या वेळी मी जरा डोकं चालवलं. नवा बायोडाटा केला आणि त्यात ‘राहणार’ या शब्दापुढं लिहिलं, कोल्हापूर (पूर्व). दाजी, असं ठिकाण कुठल्याही नकाशात नाही. ते मी केलं. तुमच्या समितीला इतकी वर्षं निवेदनं देऊन जे जमलं नाही ते मी टायपिंगवाल्याच्या स्टुलावर बसून दहा मिनिटांत केलं. अख्खं गाव हद्दीत घेतलं. आणि तिथून उठून तसाच विरोधी समितीच्या बैठकीला गेलो.

बायोडाटा लागू पडला. मुरगूडचं स्थळ आलं. मुलगी अनुजा, एम.कॉम., तिथल्याच पतसंस्थेत नोकरीला. वडील निवृत्त गुरुजी, अतिशय सज्जन, म्हणजे काहीच बोलत नाहीत. बोलायचं काम मुलीचे मामा करतात. मामा राधानगरीकडचे, आवाज धरणाचा दरवाजा उघडल्यासारखा. त्यांनी फोनवरच सांगितलं की आधी घर बघणार, मग पुढचं. एकदा आमच्याकडच्या सुतकामुळं पुढं ढकललं होतं, आता रविवार ठरला. रविवारीही जमलं नाही तर शहरात दुसरं एक घर बघून ठेवलंय, असंही त्यांनी प्रेमानं सांगून ठेवलं.

आणि इथं माझी मती फिरली. हद्दवाढीची अधिसूचना निघणार म्हणून गावात पुन्हा गडबड उडाली होती, आणि आमच्या समितीनं शुक्रवारी गाव बंद आणि रास्ता रोको जाहीर केला होता. बैठकीत एकजण उठून म्हणाला, शुक्रवारी कसं जमंल, शुक्रवारी ड्युटी हाय की. मग दुसरा उठला, तो शहरातल्या शोरूममध्ये. तिसरा कचेरीत, चौथ्याची रिक्षा शहरात. हात वर करायला सांगितलं तर विरोधी समितीच्या एकवीस जणांपैकी सोळा जण रोज शहरातच कामाला. शहराच्या विरोधात गाव बंद करायचं तर आधी शहराला सुट्टी पाहिजे, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि बंद एकमतानं रविवारवर गेला. ठराव मीच मांडला. मंजूर झाल्याचंही मीच पुकारलं. टाळ्या थांबल्यावर मला मुरगूडची आठवण झाली.

आता अध्यक्षानं मुलाच्या स्थळासाठी आंदोलन हलवलं असं झालं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि पावण्यांना पुन्हा हलवलं तर स्थळ जातं. म्हणून मधला मार्ग काढला. रास्ता रोको दुपारी एकपर्यंत. पावणे चार वाजता. मधल्या तीन तासांत गावाचं शहर करायचं. घराची तयारी आदल्या दिवशीच केली. चारही म्हशी शेजारच्या केरबाच्या गोठ्यात नेऊन बांधल्या, आमचा गोठा धुऊन त्यात अमरची मोटारसायकल लावली आणि वर ‘पार्किंग’ असं खडूनं लिहिलं. शेणी रचलेल्या भिंतीवर ताडपत्री टाकली. आक्कानं गेल्या दिवाळीला दिलेले पडदे पहिल्यांदा बाहेर काढले. (रंग चांगला आहे, सांगा तिला.) अमर सगळं बघत होता. एकदाच म्हणाला, आबा, ह्यात माझं काय हाय वो? मी म्हटलं, गप, तुझंच हाय समदं.

रविवारी सकाळी बंद शंभर टक्के झाला. एवढा चांगला बंद गावात पूर्वी कधी झाला नव्हता. किराणा बंद, चहाच्या टपऱ्या बंद, दुधाचं संकलन बंद, पिशवीचं दूध विकणाऱ्याचा फ्रीजसुद्धा केरबानं दोरीनं बांधून घेतला. केरबा आमच्या समितीचा रस्ताप्रमुख. अँब्युलन्स आणि परीक्षेची पोरं सोडली तर देवाचीही गाडी सोडायची नाही, असा त्याला माझाच लेखी आदेश. उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या आडव्या लावल्या आणि मधल्या ट्रॉलीवर मला चढवलं. आंदोलकांना चहा अध्यक्षांच्या घरच्या दुधाचा, अशी मी सकाळीच घोषणा करून टाळ्या घेतल्या होत्या, त्यामुळं सकाळचं सगळं दूध रस्त्यावर येऊन संपलंही होतं.

इकडं मुरगुडात मामांनी पंचांग उघडलं. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, चारला पोचून अर्ध्या तासात घर बघून व्हायचं नाही, म्हणून त्यांनी सकाळीच निघायचं ठरवलं. मला फोन केला. फोन माझ्या खिशात होता, मी ट्रॉलीवर होतो, आणि खाली चारशे माणसं घोषणा देत होती. फोन थरथरला तो मला कमरेतली उसण वाटली.

अकराच्या सुमारास भाषण रंगात आलं. दाजी, स्तुती स्वतःच करू नये, पण त्या दिवशी आवाज लागला होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या, पहिल्यांदाच स्वतःची गाडी पुकारतोय असं वाटलं. आधी आरक्षणावर बोललो, मग घरफाळ्यावर, मग मुद्दे संपले. मुद्दे संपल्यावर माणूस खरं बोलायला लागतो. मी म्हणालो, “मंडळी, आमी शहरातली न्हाय आन् तसं सांगायची आमास्नी गरज बी न्हाय! माझा सोत्ताचा पोरगा इंजनेर हाय. पर पहाटं उठून म्हशींच्या धारा काढल्याबिगर त्यो डबा हातात घेत न्हाय. फौंड्रीत साहेब म्हणत्यात, तुझ्या अंगाला शेणाचा वास येतोय. येऊ दे की! त्या वासावर ह्यो शिकला, त्या वासावर माझ्या दोन पोरी नांदाय गेल्या. त्याची लाज मला वाटत न्हाय, त्याला बी वाटत न्हाय!” टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं शिट्टीही आली.

ह्याच वेळी कागलकडून आलेली एक पांढरी गाडी ट्रॉलीपासून पंधरा पावलांवर काचा खाली करून उभी होती. पुढचं मला केरबानं नंतर सांगितलं. तो गाडीपाशी गेला आणि म्हणाला, “पावणं, गाडी बंद करा. एक वाजंपातूर रस्ता बंद हाय.” मामा म्हणाले, “आमास्नी आकारामरावांच्याकडं जायाचं हाय. कोल्हापूर पूर्व कुठं आलं वो?” केरबा म्हणाला, “पूर्व-बिर्व ठावं न्हाय. आकाराम पायजे आसंल तर त्यो काय, ट्रॉलीवर वरडतोय की.”

मी वरून गुरुजींची टोपी ओळखली. मग शेजारी मामा ओळखले. मागच्या सीटवर मुलगीही होती. (घर बघायला मुलगी स्वतः येते, ही सुधारणा मला कुणी कळवली नव्हती.) माझा आवाज जन्मात पहिल्यांदा माइकवर बसला. लोकांना वाटलं, अध्यक्षांना गहिवरून आलं. आणखी टाळ्या पडल्या.

खाली उतरून मी केरबाच्या कानात म्हटलं, एवढी एक गाडी सोड. केरबानं खिशातून माझा लेखी आदेश काढला. मी म्हटलं, अरे अमरचं स्थळ आहे. तो म्हणाला, “मग तर न्हाईच. उद्या गाव म्हणंल, अध्यक्षानं पोरासाठनं रस्ता उघडला. तुमचं नाव राखायला पायजे न्हवं?” माझं नाव राखण्यासाठी पावण्यांना गाडी सोडून, बारा ट्रॉल्यांना वळसा घालून, चारशे माणसांमधून, ‘शहराला जागा देणार नाही’च्या घोषणा ऐकत अर्धा मैल उन्हातून चालत यावं लागलं. पुढं मी, छातीवर काळी फीत. वाटेत दोघा-तिघांनी पावण्यांच्याही छातीवर फिती लावल्या. गुरुजींनी त्या सज्जनपणानं लावून घेतल्या.

घरी अमरची आई एकटी, डोक्याला फडकं बांधून पडद्याच्या कड्या लावत होती. तिनं मला बघितलं, पावण्यांना बघितलं, त्यांच्या छातीवरच्या फिती बघितल्या, आणि तडक आत गेली. पाच मिनिटांनी मला आत बोलावून रिकामं पातेलं दाखवलं. दूध नाही. दुकानं मी बंद केलेली. फ्रीज केरबानं बांधलेला. आमचं दूध आंदोलन प्यालेलं. चार म्हशींच्या घरात, कोल्हापूर जिल्ह्यात, सोयरीक बघायला आलेल्या पावण्यांपुढं आम्ही कोरा चहा ठेवला. तुम्ही पेठेत वाढलात, तुम्हाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मामांनी कप डोळ्यांजवळ नेला, आत बघितलं, आणि परत बशीत ठेवला.

मग प्रश्न सुरू झाले. घरफाळा कुणाकडं भरता? मी म्हटलं, सध्या ग्रामपंचायतीकडं, पण हे काय, सहा महिन्यांत महापालिकेत जातोय. सातबारा की प्रॉपर्टी कार्ड? मी म्हटलं, होऊन जाईल कार्ड. म्हशी हायेत का? मी म्हटलं, होत्या. मामा छातीवरची काळी फीत चाचपत म्हणाले, “मग मगाशी ट्रॉलीवर कोण हुतं?” मी म्हटलं, ते समितीचं मत होतं, हे कुटुंबाचं. हे उत्तर मला त्या वेळी बरं वाटलं होतं. आता लिहिताना तितकंसं वाटत नाही.

मुलगी काहीच विचारत नव्हती. ‘पार्किंग’ वाचून झालं, ताडपत्रीखालून बाहेर आलेल्या शेणी बघून झाल्या, मग तिनं आत जाऊन अमरच्या आईला विचारलं, म्हशी कुठं बांधल्यात? अमरची आई खोटं बोलायला कच्ची. तिनं खिडकीतून केरबाच्या गोठ्याकडं बोट केलं. आपल्याच म्हशी बघत दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. ट्रॉलीकडून आमच्या मागोमाग आलेला अमर कपडे बदलून सगळा वेळ खाली मान घालून बसून होता. आईनं खरेदी केलेला शर्ट त्याला गळ्याशी घट्ट होत होता, तेवढं मला दिसत होतं.

निघताना मामांनी उंबऱ्यावर थांबून निकाल दिला. माणसं वाईट न्हाईत, पोरगा बी बरा हाय. पर पोरगी आमी खेड्यात देणार न्हाय. गाव शहरात आलं की कळवा. गुरुजींनी हात जोडले. फिती तशाच लावून गेले.

दाजी, मी तसा थंड माणूस आहे. पंचवीस-तीस हजार गाड्या माझ्यासमोर उशिरा सुटल्या, मी कधी चिडलो नाही. पण पावणे गेल्यावर अमर उठला, त्यानं सगळे कप गोळा केले, सगळे भरलेलेच होते, ते मोरीत ओतले, शर्ट काढून घडी घालून आईच्या हातात दिला, आणि म्हशी परत आणायला केरबाकडं गेला.  माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. पोराचं लग्न जमत नाही याचं दुःख मला होतंच, पण ते मोडायला या खेपेला मीच माइक घेऊन उभा होतो, याचं फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

असो. बंद यशस्वी झाल्याची बातमी आली आहे, कात्रण सोबत जोडलं आहे. फोटोत या खेपेला माझे डोळे उघडे आहेत. आक्काला नमस्कार आणि तिच्या सुनेला, नातवंडांना आशीर्वाद. तुमच्या मजल्यावरच्या चारही घरांना आठवण सांगा. ऐकून ऐकून ती आता आपल्याच नात्यातली झाली असतील.

तुमचा,
आकाराम
(अध्यक्षपद लिहीत नाही, हे पत्र घरगुती आहे.)

ता.क. काम राहिलंच लिहायचं. दाजी, काहीही करून अक्षय तृतीयेच्या आत आमचं गाव शहरात घ्या. तुमची समिती अलीकडं थंडावली आहे असं आमच्या समितीचं स्पष्ट मत आहे. चार निवेदनं जास्त द्या, मंत्र्यांना भेटा, उपोषणाला बसा, गुडघ्यामुळं मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा. मी विरोध करीन, तो करावाच लागतो, तुम्ही मनावर घेऊ नका. आमच्या बाजूचे कच्चे मुद्दे पाहिजे असतील तर निरोप द्या, मी स्वतः लिहून पाठवतो. तयार मीच केलेले आहेत. आणि हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.

ता.क. दुसरा, बुधवार. पत्र टाकायला अमरकडं दिलं होतं. पाकिटाला डिंक लागला नव्हता, त्यानं सगळं वाचलं आणि संध्याकाळी परत आणून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, आबा, हे धाडू नका, अनुजाचा फोन आलता. तिनं अमरला विचारलं, ट्रॉलीवर बोलत होते ते आणि घरात बोलत होते ते, दोन्ही तुमचेच वडील का? अमर म्हणाला, हो. त्यावर ती म्हणाली, “ट्रॉलीवरच्या माणसाच्या घरात मी आनंदानं नांदाय येईन. कोरा चहा देत हुते, त्येंचं मला काय कळलं न्हाय.” मुरगुडात त्यांच्याही दारात दोन म्हशी आहेत म्हणे. मामा पावणे घेऊन यायचे असले की गुरुजी त्या मागच्या बोळात नेऊन बांधतात, कारण मामांनी सगळीकडं पोरगी शहरी वळणाची म्हणून सांगून ठेवलंय. मामांना तिनं स्वतःच समजावलं आहे. (कसं, ते अमर सांगत नाही, नुसता हसतो. त्याला हसताना मी दोन वर्षांनी बघितलं.)

 चौदा नकारांनंतर मी या पोराचा गोठा लपवायला गेलो आणि तोही लपला नाही. एकदाच तोंडातून खरं गेलं, तेही मुद्दे संपले म्हणून, आणि त्यावर पोरगी मिळाली. लपवण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं, दाजी. हे मला बापाला कळायला पाहिजे होतं. तेव्हा वरची ता.क. रद्द समजा. गाव आहे तिथंच राहू द्या. निवेदनं, उपोषण काही नको, निदान हळद लागेपर्यंत तरी तुमच्या समितीला घरी बसवा. ती मंडळी या रविवारी परत येणार आहेत, सगळेजण म्हशी बघणार, त्यांच्याच दुधाचा चहा पिणार, आणि मग साखरपुड्याची तारीख. तुम्ही आणि आक्का सकाळी दहालाच या. आता या घरात काही खोटं चालायचं नाही, असं मी अमरच्या आईला सांगून टाकलं आहे.

ता.क. तिसरा, शुक्रवार, आणि हे आक्काला वाचून दाखवू नका. (टपालानं रविवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून पत्र ओळखीच्या कंडक्टरच्या हाती धाडतोय.) केरबाच्या गोठ्यातून परत आणल्यापासून म्हशी कुरकुरत होत्याच, कालपासून पार बिथरल्यात. तिघी धारेला उभ्याच राहत नाहीत, अमर बसला तरी पान्हा सोडत नाहीत. चौथी गाभण आहे, ती आधीच आटलेली. डॉक्टर म्हणतात, जागा बदलल्याचा राग आहे, आठ दिवस लागतील. आमच्याकडं दोन दिवस आहेत. गावातलं दूध उजाडायच्या आत संकलनाला जातं, आणि केरबाकडं मागावं तर म्हशी बिघडल्या त्या तुझ्याच गोठ्यामुळं, असं अमरच्या आईनं त्याला तोंडावर सांगून ठेवलंय. पिशवीचं दूध त्या पोरीला एका घोटात ओळखू येईल. तेव्हा रविवारी येताना वाकडी वाट करून गंगावेशीत जा. तिथं भर शहरात, भर रस्त्यात म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात. दोन लिटर घ्या, झाकणाच्या किटलीत घ्या, आणि मागच्या दारानं अमरच्या आईच्या हातात द्या. दूध कुठलं म्हणून कुणी विचारलंच, तर शहर आणि आमचं गाव हे मुळात एकच आहे, असं तुमची समिती इतकी वर्षं सांगत आली आहे; रविवारी दुपारपर्यंत आमच्या समितीला ते मान्य आहे.